शनिवारचा कोड्यांचा तास: नव्यानं सुरू करणाऱ्यांसाठी

पहिल्या शनिवारी मी घरची बादली घेऊन वर्गात गेलो आणि फजिती झाली. प्रश्न जुनाच होता: तळ्यात होडी, होडीत दगड. दगड उचलून पाण्यात टाकला तर तळ्याची पातळी वाढेल, उतरेल की तेवढीच राहील? बादलीत प्लास्टिकचा वाडगा तरंगत ठेवला आणि वाडग्यात वाण्याकडून मागून आणलेलं २०० ग्रॅमचं लोखंडी माप. स्केचपेननं पातळीवर खूण केली, माप हळूच पाण्यात सोडलं. पस्तीस पोरं बादलीवर वाकून बघत राहिली. पाणी हलायचं थांबलं तरी कुणाला काही दिसेना. "सर, तेवढीच आहे," मागून कुणीतरी म्हणालं. उत्तर चूक होतं, पण त्या दिवशी तेच बरोबर ठरलं.

घरी येऊन हिशेब मांडला. माप वाडग्यात असतं तेव्हा ते आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारतं, म्हणजे २०० मिलिलिटर. तळाशी गेलं की फक्त आपल्या आकारमानाइतकं. लोखंड पाण्यापेक्षा सात-आठ पट जड, त्यामुळे ते जेमतेम २५ ते २८ मिलिलिटर. म्हणजे पातळी उतरते, आणि फरक पावणेदोनशे मिलिलिटरच्या आसपासचा आहे. पण माझ्या बादलीचं तोंड ३० सेंटिमीटर रुंद. तेवढ्या पसाऱ्यात हा फरक अडीच मिलिमीटर होतो, स्केचपेनच्या रेघेपेक्षा थोडासाच जाड. पुढच्या शनिवारी १५ सेंटिमीटर रुंदीची पारदर्शक बरणी नेली. तिच्यात तेच माप टाकल्यावर पातळी जवळजवळ एक सेंटिमीटर उतरली आणि मागच्या बाकावरून 'आईशप्पथ' ऐकू आलं.

हे सगळं सांगतोय ते तुमची पहिली बादली वाचावी म्हणून. तुम्ही शाळेत शिक्षक असा, वस्तीत शिकवायला जाणारे कॉलेजचे विद्यार्थी असा किंवा सोसायटीतली चार पोरं गोळा केलेले आई-बाबा असा. हा तास चालवायला प्रयोगशाळा लागत नाही. आठवड्याला पाऊण तास, फळा, एक बरणी आणि 'मला उत्तर माहीत आहे' हे लपवायची सवय एवढं पुरतं. शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड.

पायरी १: प्रश्न निवडणं

चांगल्या प्रश्नाची माझी कसोटी एकच: पोरांत फूट पडली पाहिजे. सगळे हात एकाच उत्तराला वर गेले तर तो प्रश्न बाद. अपवाद एकच, सगळेच्या सगळे चुकत असले तर. प्रश्न दोन वाक्यांत मावावा आणि सूत्र न आठवता अंदाज करता यावा. 'एका वस्तूचं त्वरण अमुक असल्यास' अशी सुरुवात झाली की पोरं ताबडतोब परीक्षेच्या तोंडवळ्यात जातात. त्यांना परत आणायला दहा मिनिटं जातात.

सुरुवातीला पातळीचे प्रश्न सगळ्यात सोपे पडतात, कारण साहित्य घरातलंच. काठोकाठ भरलेल्या ग्लासात बर्फ तरंगतोय. वितळल्यावर पाणी सांडेल का? नाही सांडणार. तरंगताना बर्फानं जेवढं पाणी बाजूला सारलं होतं, वितळून तो तेवढंच पाणी होतो. हे पचलं की लगेच पुढचा प्रश्न टाका: पाण्याऐवजी दाट कोकम सरबत असेल तर? आता सांडेल. समजा सरबत पाण्यापेक्षा एकदशांशानं जड आहे आणि बर्फ ५० ग्रॅम. तरंगताना त्यानं ४५ मिलिलिटर सरबत बाजूला सारलेलं असतं, वितळल्यावर मात्र ५० मिलिलिटर पाणी होतं. पाच मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचा, टेबलावर.

दुसरा माझा आवडता प्रश्न एसटीचा. गाडीनं करकचून ब्रेक मारला की आपण पुढे जातो. मग गाडीत दोरीला बांधलेला, वर तरंगणारा हेलियमचा फुगा कुठे जाईल? बहुतेक पोरं 'पुढे' म्हणतात. जातो मागे. हेलियमचा फुगा आणायची गरज नाही: पाण्याची बाटली थोडी हवा ठेवून घट्ट बंद करा, बाकावर आडवी ठेवा, बुडबुडा मध्ये आणा आणि बाटली झटक्यानं पुढे ढकला. बुडबुडा पुढे धावतो. जड पाणी जडत्वामुळे मागे रेंगाळतं आणि हलक्या बुडबुड्याला पुढे रेटतं. ब्रेक लागल्यावर हेच उलटं. एसटीत पाण्याच्या जागी हवा आणि बुडबुड्याच्या जागी फुगा, इतकाच फरक.

पायरी २: आधी मत, मग चर्चा

प्रश्न विचारल्यावर दोन मिनिटं कुणीही बोलायचं नाही. प्रत्येकानं आपलं उत्तर वहीत लिहायचं, खोडायचं नाही. मग फळ्यावर तीन रकाने आणि हात वर. आकडे लिहून ठेवा: वाढेल १४, उतरेल ६, तेवढीच १५. आता शेजाऱ्याशी भांडायला पाच मिनिटं द्या आणि पुन्हा मतं घ्या. दुसऱ्या फेरीत आकडे हलतात, बऱ्याचदा बरोबर बाजूला, तुम्ही एक अक्षरही न बोलता. हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकात भौतिकशास्त्राचे मोठे वर्ग याच धाटणीनं शिकवायला सुरुवात केली. आपल्याकडे पंचायतीच्या पारावर ही पद्धत त्याच्या फार आधीपासून चालते, फक्त तिथे दुसऱ्या फेरीत मत बदललेलं कुणी कबूल करत नाही.

वर्गातला हुशार मुलगा पहिल्या दहा सेकंदांत उत्तर ओरडतो. त्याला गप्प बसवू नका, त्याला फळ्यावरचे आकडे लिहायचं काम द्या. हातात खडू असला की तोंड आपोआप बंद राहतं.

पायरी ३: टोकाला जायला शिकवा

पोरांना एकच युक्ती द्यायची असेल तर ही द्या. प्रश्नातली एखादी गोष्ट वाढवत वाढवत अशक्यापर्यंत न्या, उत्तर आपोआप उघडं पडतं. होडीचाच प्रश्न घ्या. दगड मोहरीएवढा, पण वजन हत्तीएवढं, असं समजा. होडीत आहे तोवर होडी पार कडेपर्यंत बुडालेली, तळ्याचं ढीगभर पाणी वर सारलेलं. तोच दगड पाण्यात टाका: होडी टुणकन वर येते आणि तळाशी जाते ती फक्त मोहरी. पातळी उतरणार हे आता पहिलीतलं पोरही सांगेल.

हीच युक्ती नदीवर वापरा. नावाडी एका गावाहून प्रवाहाबरोबर खालच्या गावाला जातो आणि तसाच परत येतो. नदीला ओढ असताना लागणारा एकूण वेळ आणि पाणी संथ असताना लागणारा वेळ सारखाच असेल का? 'जाताना मिळालं, येताना गेलं, फिट्टंफाट' असं जवळजवळ सगळे म्हणतात. मग विचारा, ओढ नावेच्या वेगाएवढीच असेल तर? तो परत येणारच नाही. ओढ असताना नेहमी जास्तच वेळ लागतो, कारण उलट्या दिशेला तो जास्त काळ झुंजत असतो.

एक इशारा. काही कोड्यांत टोकाला जाऊनही अंदाज फसतो, आणि तीच खरी मजेची. पृथ्वीला विषुववृत्तावर घट्ट दोर गुंडाळला, लांबी ४०,००० किलोमीटर. त्यात फक्त एक मीटर जोडला आणि दोर सगळीकडे सारखा वर उचलला. खालून मुंगी जाईल का? मांजर जाईल, थोडं वाकून: फट सुमारे १६ सेंटिमीटर होते. मोसंबीला दोर गुंडाळून एक मीटर जोडला तरी फट तेवढीच, कारण परीघ एक मीटरनं वाढला की त्रिज्या एक भागिले दोन पायनं वाढते, मूळ गोळा केवढा का असेना. हे कागदावर दोन ओळींत सिद्ध होतं आणि तरीही रात्री झोपताना पटत नाही.

पायरी ४: करून बघा, आणि स्वतःचंही तपासा

जे बरणीत होऊ शकतं ते फळ्यावर संपवू नका. पण प्रयोग आधी घरी एकदा करून बघा. माझी बादली आठवा. विजेच्या मुख्य प्रवाहाशी खेळ नको, बॅटरीचा सेल पुरे. मेणबत्ती असेल तर शेजारी पाण्याचा तांब्या हवाच.

मेणबत्तीवरून माझी दुसरी फजिती. बशीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वर काचेचा ग्लास उपडा. ज्योत विझते आणि पाणी ग्लासात चढतं. मी वर्षानुवर्षं सांगत आलो: हवेत एक पंचमांश ऑक्सिजन असतो, तो जळून गेला, त्याची जागा पाण्यानं घेतली. सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "मग तीन मेणबत्त्या लावल्या तर पाणी तेवढंच चढायला हवं ना?" ऑक्सिजन तर तेवढाच. लावल्या. पाणी स्पष्टपणे जास्त चढलं. नीट बघितलं तर ग्लास ठेवताना कडेनं बुडबुडे बाहेर पडत होते. मुख्य खेळ तापलेल्या हवेचा आहे: ज्योतीमुळे हवा फुगते, थोडी निसटते, ज्योत विझल्यावर उरलेली थंड होऊन आकसते आणि बाहेरचा दाब पाणी आत ढकलतो. ऑक्सिजनच्या जागी बराचसा कार्बन डायऑक्साइड आलेलाच असतो. त्या दिवसापासून मी तासाची वही दोन भागांत केली: एका भागात त्यांचे प्रश्न, दुसऱ्यात माझ्या चुका. दुसरा भाग चांगला भरतोय.

पायरी ५: तर्ककोडी मध्ये मध्ये पेरा

दर शनिवारी भौतिकशास्त्रच नको. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात निव्वळ तर्काचं कोडं आलं की आकडेमोडीला घाबरणारी पोरं पुढे सरकतात.

नऊ नाणी, एक किंचित जड, तराजू दोन पारड्यांचा आणि वजन करायची परवानगी दोनदाच. पोरं चार-चार ठेवून सुरुवात करतात आणि अडकतात. त्यांना फक्त एवढं विचारा: तराजू एका खेपेला किती वेगवेगळी उत्तरं देऊ शकतो? डावं, उजवं आणि समान, तीन. मग तीन-तीनचे ढीग आपोआप सुचतात. तीन खेपांत किती नाण्यांतून शोधता येईल, हे घरी करायला द्या.

दोन सुतळ्या, प्रत्येक जळायला बरोबर एक तास, पण कुठे भरभर कुठे हळू. पंचेचाळीस मिनिटं मोजा. पहिली दोन्ही टोकांनी पेटवा, दुसरी एका टोकानं. पहिली संपते तेव्हा अर्धा तास झालेला असतो. त्याच क्षणी दुसरीचं उरलेलं टोक पेटवा, ती आणखी पंधरा मिनिटांत संपते. इथे सुतळीऐवजी उदबत्ती घ्यायचा मोह टाळा. उदबत्ती एकसारखी जळते, आणि कुणीतरी फुटपट्टी काढून पाऊण लांबीवर खूण करून तुमचं कोडं तिथेच निकालात काढतं. (माझ्याकडे काढलं.)

तीन बटणं आणि बंद खोलीतला एक दिवा हे कोडं सगळ्यांना माहीत असतं. बटणं बाहेर, आत एकदाच जायचं आणि दिवा कुठल्या बटणाचा ते ओळखायचं. उत्तर: एक बटण लावून ठेवायचं, थोड्या वेळानं बंद करून दुसरं लावायचं, मग एकदाच आत जायचं. दिवा पेटलेला असेल तर दुसरं बटण, विझलेला पण गरम तर पहिलं, विझलेला आणि थंड तर तिसरं. हे कोडं आता म्हातारं झालंय. "सर, एलईडीला हात लावून काय कळणार?" असं पोरं विचारतात आणि त्यांचं बरोबर आहे, ज्या पिवळ्या बल्बला चटका बसायचा तो त्यांनी पाहिलेला नाही. मी कोडं तसंच विचारतो आणि मग एलईडी का कमी तापतो याकडे वळतो.

धावत्या गाड्यांतली माशीही आणा. पुणे ते मुंबई लोहमार्ग १९२ किलोमीटर, आपण २०० धरू. दोन्हीकडून ताशी ५० च्या वेगानं गाड्या सुटल्या. एक माशी ताशी ८० नं एकीच्या नाकावरून दुसरीच्या नाकावर, तिथून परत, अशी गाड्या भेटेपर्यंत उडत राहिली. एकूण किती उडली? गाड्या दोन तासांत भेटतात, म्हणून १६० किलोमीटर. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांना कुणीतरी हे कोडं घातलं आणि त्यांनी क्षणात उत्तर दिलं, असा किस्सा सांगतात. "म्हणजे युक्ती माहीत होती!" "कसली युक्ती? मी माशीच्या एकेका फेरीचं अंतर मांडून त्या मालिकेची बेरीज केली." किस्सा खरा असो नसो, पोरं यावर हसली की समजायचं, त्यांना दोन्ही रस्ते कळले.

पायरी ६: अंदाजाचे हिशेब

१६ जुलै १९४५ ला पहिल्या अणुचाचणीच्या वेळी भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांनी धक्क्याची लाट येताना हातातून कागदाचे कपटे सोडले आणि ते किती दूर पडले त्यावरून स्फोटाचा अंदाज बांधला: दहा हजार टन टीएनटी या स्फोटकाएवढा. खरा आकडा वीस हजारांच्या वर निघाला. कपट्यांवरून केलेल्या हिशेबाला दुपटी-अडीचपटीची चूक म्हणजे चूकच नाही, हे पोरांना सांगावं लागतं, कारण त्यांना दशांशचिन्हापर्यंत बरोबर यायची सवय असते.

आमच्याकडे चालतो तो पावसाचा हिशेब. शाळेचं मैदान पन्नास पावलं बाय चाळीस पावलं, मोठ्या माणसाचं पाऊल मीटरभर धरू. म्हणजे २,००० चौरस मीटर. १०० मिलिमीटर पाऊस पडला तर मैदानावर किती पाणी? आधी अंदाज. 'पाचशे बादल्या', 'एक टँकर' अशी उत्तरं येतात. हिशेब: २,००० गुणिले ०.१, म्हणजे २०० घनमीटर, म्हणजे दोन लाख लिटर. दहा हजार लिटरचे वीस टँकर. उन्हाळ्यात टँकरमागे हंडे घेऊन धावलेली पोरं वर्गात असतील तर इथे जरा थांबा. त्यांना बोलू द्या. मग २६ जुलै २००५ सांगा: सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर. आपल्याच मैदानावर पडला असता तर जवळजवळ एकोणीस लाख लिटर.

पायरी ७: विनोद, पण बेतानं

भौतिकशास्त्राचा जगप्रसिद्ध विनोद गायीचा आहे. दूध वाढावं म्हणून एका गोठेवाल्यानं भौतिकशास्त्रज्ञाला विचारलं. महिनाभर हिशेब करून तो म्हणाला, "उत्तर मिळालं, पण त्यासाठी गाय गोल आहे आणि निर्वात पोकळीत आहे असं धरावं लागेल." शहरातल्या वर्गात हसू येतं. आमच्याकडे एकानं गंभीरपणे विचारलं, "आचळं कुठे धरायची?" दोन्ही प्रतिक्रिया चालतात. आपणही मगाशी मैदान सपाट आणि पाऊस सगळीकडे सारखा धरला होताच, हे तेव्हा दाखवून द्या.

आयात केलेल्या विनोदांपेक्षा आपल्या भाषेतलेच जास्त उपयोगी पडतात, कारण पाठ्यपुस्तकानं रोजचे शब्द उचलून त्यांना वेगळे अर्थ दिलेत. वजन, बळ, शक्ती, दाब, कार्य. फलाटावरचा हमाल दोन बॅगा डोक्यावर घेऊन सपाट जमिनीवर एकसारख्या चालीनं या टोकापासून त्या टोकाला गेला. बॅगांवर त्याचं बळ वरच्या दिशेला, सरकल्या त्या आडव्या, म्हणून पुस्तकाप्रमाणे कार्य शून्य. "मग मजुरी कशाची?" हा प्रश्न येतोच, आणि विनोद तिथून खऱ्या प्रश्नाकडे वळतो: कार्य शून्य, तर मग तो का दमतो? कारण ताणलेला स्नायू टेबलासारखा नुसता उभा राहत नाही. त्याचे तंतू सारखे आकसत आणि सैल होत राहतात, ऊर्जा खर्च होत राहते. टेबलाला भाकरी लागत नाही, हमालाला लागते.

वात्रट उत्तरं आली तर मार्क कापू नका. वायुदाबमापक वापरून इमारतीची उंची कशी मोजाल, या प्रश्नाला 'तो दोरीला बांधून गच्चीवरून खाली सोडा आणि दोरी मोजा' असं उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याची गोष्ट भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांच्या नावावर खपवली जाते. प्रत्यक्षात ती अलेक्झांडर कलँड्रा या अमेरिकी प्राध्यापकांनी लिहिली. तिच्यातलं सगळ्यात चांगलं उत्तर: इमारतीच्या देखरेख्याला म्हणायचं, उंची सांगितलीस तर हे यंत्र तुला. हाच प्रश्न वर्गात विचारा आणि किती वेगळे मार्ग निघतात ते मोजा. आमचा उच्चांक अकरा आहे, त्यात सावलीचा मार्ग तिघांनी स्वतंत्रपणे शोधला.

विनोदाचं एकच पथ्य: प्रश्न विचारणाऱ्यावर हसायचं नाही. १९६३ मध्ये टांझानियातला एरास्टो म्पेंबा हा शाळकरी मुलगा आइस्क्रीम करताना गरम दूध थंड दुधाआधी गोठलं असं म्हणाला, तेव्हा शिक्षक आणि वर्ग त्याला हसले. त्यानं हाच प्रश्न शाळेत आलेल्या डेनिस ऑस्बोर्न या प्राध्यापकांना विचारला. त्यांनी करून बघितलं आणि १९६९ मध्ये दोघांच्या नावानं लेख छापून आला. हा परिणाम खरंच होतो का आणि कशामुळे, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात.

पायरी ८: शेवटची पाच मिनिटं

तास संपताना उत्तर देऊ नका, नवा प्रश्न द्या आणि घंटा वाजू द्या. पहिल्या शनिवारसाठी आमचा हा घ्या: बरणी तीच, वाडगा तोच, पण लोखंडी मापाऐवजी २०० ग्रॅमचा लाकडी ठोकळा. वाडग्यातून काढून पाण्यात सोडला. पातळी?